डावी पाकळी

भागोजी गुरवाचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर होतं, पण घरी गेला की त्याला आपण पाहुणा म्हणून आल्यासारखं वाटायचं. बायको, गोदा, वारल्यापासून तर तो भाकरी भाजायला आणि पाठ टेकायला तेवढा घरात जायचा. एकुलती लेक हौसा लांब बुरोंडीकडे दिलेली. ती वर्षातून एकदा यायची, दोन दिवस घर झाडायची, बापाला रागवायची आणि एस्टीला हात करून निघून जायची. मग पुन्हा भागोजी आणि नवलाईचं देऊळ.

देऊळ तरी काय, कुणी मुद्दाम बघायला यावं असं त्यात काही नव्हतं. चिऱ्याच्या भिंती, फणसाचे खांब, वर नळ्यांचं छप्पर आणि खाली शेणानं सारवलेली जमीन. पण ते कधी ओस नसायचं. दुपारी शेतावरून येणारे बापये तिथं टेकायचे, पान खायचे आणि एकमेकांच्या गुरांची निंदा करायचे. सोमवारी बायका सारवायला यायच्या. शनिवारी भजन व्हायचं, आणि केरू मृदंग असा बडवायचा की देवी बहिरी असावी असा कुणालाही संशय यावा. भागोजी सगळ्यांवर ओरडायचा. पान थुंकू नका, पोरांना आवरा, समईला धक्का लावू नका. ओरडायला माणसं होती म्हणून तो सुखात होता, पण हे त्याला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तो त्याच्यावरही ओरडला असता.

गिरण्यांचा संप होऊन तीन-चार वर्षं झाली होती, त्या शिमग्यातली गोष्ट. मुंबईकर पालखीला आले आणि येताना एक नकाशा घेऊन आले. पुढारी काशीराम. गोदीत नोकरीला, मुंबईच्या मंडळाचा अध्यक्ष, आणि भागोजीच्या बरोबरीचा. लहानपणी दोघांनी मिळून याच देवळातला नारळ चोरून खाल्ला होता, आणि मारही मिळूनच खाल्ला होता.

काशीरामनं सभामंडपात सगळ्यांसमोर नकाशा पसरला. रत्नागिरीच्या इंजिनियरकडून काढून आणलेला. वर स्लॅब, खाली लादी, चारी बाजूंनी ग्रिल, कळसाला रंग.

"जुना सगला पाडायचा," तो म्हणाला. "वाशांना वाळवी लागलीय. उद्या कोनाच्या डोक्यात पडला म्हंजे? वर्गनी आमी मुंबयकर काढतो, तुमी फक्त अंगमेहनत करा."

माणसं नकाशावर वाकली. बायकांनी लांबूनच माना उंचावल्या. काशीरामची छाती फुगली होती आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आयुष्यभर दहा बाय बाराच्या खोलीत राहिलेल्या माणसाला आपल्या देवीसाठी तरी ऐसपैस घर बांधावंसं वाटणारच.

"आनि बांधकाम होयस्तवर आई कुठं ऱ्हायची?" भागोजीनं विचारलं.

"कलशात घेऊन माज्या घरी. रस्त्याच्या वाडीत. पुतन्या हाय, तो दिवाबत्ती करील. दोन वर्सं म्हन, फार तर तीन."

"आनि मी?"

"तू काय? तू आता आराम कर, भागोजी. किती वर्सं राबलास."

काशीराम हे प्रेमानं बोलला. पण भागोजीला त्यातला आराम हा शब्द तेवढा ऐकू आला. आराम म्हणजे त्या रिकाम्या घरात चुलीसमोर बसून राहायचं. सकाळी उठून कुणाला आंघोळ घालायची नाही, कुणाला फुलं वाहायची नाहीत, कुणावर ओरडायचं नाही. तीन वर्षं. आणि तीन वर्षांनी लादीच्या देवळात देवी परत येईल तेव्हा तिला न्यायला आपण असू की नसू?

आता गावात एवढं मोठं काम देवीला विचारल्याशिवाय होत नाही. कौल लावावा लागतो. रीत अगदी साधी. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या आणि देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. मग गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नको म्हणाली. भागोजीच्या बापानं त्याला हे शिकवलं तेव्हा एक गोष्ट बजावली होती: पाकळ्या लावताना डोळे मिटायचे. बघून लावलं की हात एका बाजूचा होतो.

भागोजीनं आजवर हजारदा कौल लावला असेल. मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, भावाभावांतली भांडणं. एकदाही डोळे उघडले नव्हते.

त्या दिवशी त्यानं उघडले. उजवी पाकळी चांगली भिजवून अंगठ्यानं दाबून बसवली. डावी नुसती टेकवली. गाभाऱ्यात अंधार होता, गावासमोर त्याची पाठ होती, आणि कौलाच्या वेळी गुरवाच्या अंगठ्याकडे बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. मग तो हात जोडून उभा राहिला आणि त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं.

"हे आई नवलाई! आज तुजी लेकरा तुज्या पायाशी उभी हायत!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एका आवाजात म्हणाला.

"तुजा घर नवीन बांधायचा त्यांच्या मनात हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तुजी मर्जी असल तर उजवा दे, नसल तर डावा दे!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं एकट्यानं घालायची गोष्ट नव्हे. एकानं बोलायचं आणि गावानं हुंकार द्यायचा, तेव्हा ते देवीपर्यंत पोचतं. त्या दिवशी तो हुंकार इतका भरघोस होता की डावी पाकळी त्या आवाजानंच सुटली असं वाटावं. ती अलगद खाली आली आणि देवीच्या पायाशी पडली.

काशीरामचा चेहरा उतरला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, जमिनीला डोकं टेकलं आणि नकाशा गुंडाळला.

"आई नको म्हनते," तो म्हणाला. "मग विषय संपला."

एवढ्या सहजासहजी संपेल असं भागोजीला वाटलं नव्हतं. त्यानं मनातल्या मनात वादाची तयारी करून ठेवली होती. काशीरामनं जराही कुरकुर केली नाही, आणि तेच भागोजीच्या मनाला लागलं. त्याचा जीव भांड्यात पडला, पण दुसऱ्या दिवशी देवीला आंघोळ घालताना त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना. तो तिच्या पायांवरच पाणी घालत राहिला.

मे महिन्यात दरवर्षीसारखी छपराची शाकारणी आली. म्हणजे पावसाआधी सगळे नळे उतरवायचे, फुटके बदलायचे, पुन्हा ओळीनं लावायचे. केरू सगळ्यात आधी वर चढला. तो नेहमीच सगळ्यात आधी चढायचा. वरून त्यानं कुणाची तरी थट्टा केली, खालची माणसं हसली, आणि तेवढ्यात त्याच्या पायाखालची रीप, नळ्यांखालची आडवी पट्टी, मोडली. काशीराम म्हणाला होता तशी वाळवीच लागलेली होती तिला. केरू सभामंडपात पालथा पडला. त्याला घोंगडीत घालून रस्त्यापर्यंत नेला, तिथून जीपगाडीनं रत्नागिरीला सिव्हिलात. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला.

नळ्यांना त्यानंतर कुणी हात लावला नाही. अर्ध्या ओळी उतरवलेल्या, अर्ध्या तशाच. भागोजी घरोघर गेला.

"भागोजीनाना, रागवू नको," केरूची बायको, तुळसा, ओटीवरूनच म्हणाली. "पन आईन कौलात सांगितलान व्हता ना, माज्या घराला हात लावू नका म्हनून? आमी ऐकला नाय. ह्यांनी भोगला."

"अगं, ते पाडायचा विचारलेला. शाकारनी दरसाल करतो आपन."

"तुला काय, तू तिचा मानूस हायस. तुला ती काय करायची नाय. आमाला भीती वाटते."

भागोजी तिच्यासमोर उभा राहिला. सांगावं, की आईनं काही सांगितलं नव्हतं, माझ्या अंगठ्यानं सांगितलं. आत केरू खाटेवर पडला होता, त्याच्या पायाला उशी दिलेली होती. भागोजी तसाच माघारी वळला. घरी येऊन त्यानं शिडी काढली आणि ज्या वयात माणसं नातवाला खांद्यावर घेताना विचार करतात त्या वयात तो छपरावर चढला. गाभाऱ्यावरचे नळे तेवढे कसेबसे लावले. बाकीच्या छपरावर ताडपत्री घातली आणि तिच्यावर दगड ठेवले.

मग माणसं कमी होत गेली. भांडून गेली असती तर भागोजीला बरं वाटलं असतं, कारण भांडण मिटवता येतं. इथं कुणाचं भांडणच नव्हतं. केरूला चालवत नाही म्हणून शनिवारचं भजन त्याच्या अंगणात व्हायला लागलं. दुपारी टेकणारे बापये वरच्या वाशांकडे बघत बघत एक दिवस बांधावरच्या जांभळीखाली टेकले. सोमवारी सारवायला आधी चारजणी यायच्या, मग दोघी, मग एकटी म्हातारी सोनूबाई, आणि मग सोनूबाईलाही सुनेनं पाठवलं नाही. बायका फुलं आणायच्या, पण पायरीवर ठेवून लांबूनच हात जोडून जायच्या. जाताना पावलं लगबगीनं पडायची.

मुंबईकरांची वर्गणी गोळा झालेली होती, तिचं काय करायचं? त्यांनी रस्त्यावर, एस्टीच्या थांब्यापाशी समाजमंदिर बांधलं. वर स्लॅब, खाली लादी, ट्यूबलाईट. पुढच्या शिमग्याला पालखी देवळातून निघाली ती मुक्कामाला तिथं गेली. सगळा शिमगा तिथंच झाला. भागोजीला मानानं बोलावलं, मानानं नारळ दिला, मानानं जेवायला बसवलं. जेवून तो परत आला तेव्हा अंधार पडला होता, आणि रस्त्यावरचा ढोल देवळापर्यंत ऐकू येत होता. सभामंडपात बसून त्यानं तो शेवटपर्यंत ऐकला.

सारवण आता तो स्वतःच करायचा. गोदा सारवायची तेव्हा हाताचे अर्धगोल एकात एक असे उठायचे की त्यावर पाय ठेवायला जिवावर यायचं. त्याच्या हाताला ते काही जमलं नाही. त्याची जमीन म्हणजे नुसती सपाट, मारूनमुटकून केल्यासारखी. तो देवीशी बोलायला लागला. आधी कामापुरतं, मग उगाचच. आज ऊन आहे. आज मुंगळे झालेत. केरू काठी घेऊन चालायला लागला म्हणे. एकदा तर त्यानं सवयीनं मागं वळून "थुंकू नका रे" म्हटलं आणि मागं कुणीच नव्हतं. तेव्हा त्याला रडू कोसळलं. देऊळ वाचवायला गेलो आणि गाव घालवून बसलो, हे त्याला त्या दिवशी लख्ख कळलं. नकाशातल्या त्या लादीच्या देवळात निदान माणसं तरी असती.

दुसरा पावसाळा आला तेव्हा त्याचे गुडघे शिडी चढण्याच्या पलीकडे गेले होते. ताडपत्री फाटली. सभामंडपात जागोजागी गळायला लागलं आणि गाभाऱ्यातही एक गळती सुरू झाली, समईच्या शेजारी. तिच्याखाली त्यानं तांब्याचं घंगाळ ठेवलं. नळा फुटला एके ठिकाणी की पाणी वाशावरून सरकत जातं आणि दुसऱ्याच ठिकाणी पडतं, त्यामुळे ते बुजवायचं तरी कुठं?

गणपतीला काशीराम आला. भागोजी काठी टेकत समाजमंदिरात गेला. आत भजन चाललं होतं, पावसाळी कपड्यांचा दमट वास येत होता, माणसांना माणसं चिकटून बसली होती. दारातच त्याला क्षणभर उभं राहावंसं वाटलं.

"काशीराम, परत कौल लावूया," तो म्हणाला. "वर्स उलटला की परत विचारता येतो. देऊळ पाडून नवीन बांधू. आईला आनू हितं, तुज्या घरी. मी काय बोलायचा नाय."

काशीरामनं त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुलाच नको व्हता ना तवा?"

"मी कुठं नको म्हनलो? आई म्हनाली."

हे बोलताना तो आपल्या काठीच्या टोकाकडे बघत होता. पण काशीरामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरा. उद्या सगल्यांना घेऊन येतो."

भागोजी त्या सकाळी लवकर उठला. सभामंडप दोनदा सारवला. गाभाऱ्यातलं घंगाळ त्यानं उचलून मागं नेऊन ठेवलं. देवीसमोर गळतीचं भांडं गावानं बघू नये असं त्याला वाटलं, पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं. गाव आला. छत्र्या, इरली, चपलांचा ढीग, पोरांची रडारड. एका पोरानं समईला धक्का लावला आणि भागोजी त्याच्यावर असा खूश होऊन ओरडला की पोर हसायलाच लागलं. केरूसुद्धा काठी टेकत आला होता आणि खांबाला टेकून बसला होता, पाय लांब करून.

या वेळी भागोजीनं डोळे मिटायचा विचारही केला नाही. डावी पाकळी चांगली भिजवून अंगठ्यानं दाबली, पुन्हा दाबली. उजवी जेमतेम टेकवली. आई, एवढ्या वेळी, तो मनात म्हणाला. त्या वेळी माझ्यासाठी केलं, आता यांच्यासाठी करतोय. मग स्वतःशीच कबूल केलं की नाही, आत्ताही माझ्यासाठीच. मला माणसं हवीत.

"हे आई नवलाई! तुजी लेकरा परत तुज्या पायाशी आली हायत!"

"व्हय म्हाराजा!"

त्या हुंकारानं त्याच्या अंगावर काटा आला. दीड वर्षात तो आवाज त्या छपराखाली झाला नव्हता. पुढचं गाऱ्हाणं त्यानं मुद्दाम लांबवलं. गावाचं नाव घेतलं, वाड्यांची नावं घेतली, गुरंढोरं, पोरंबाळं, मुंबईचे, गावचे. प्रत्येक वेळी हुंकार आला, आणि प्रत्येक वेळी त्याला तो आणखी एकदा हवासा वाटला. शेवटी थांबायलाच हवं म्हणून तो थांबला.

"नवीन घराची तुजी मर्जी असल तर उजवा दे, नसल तर डावा दे!"

"व्हय म्हाराजा!"

उजवी पाकळी थरथरली. तिची एक कड सुटली.

आणि वरच्या वाशावरून सरकत आलेला पाण्याचा थेंब टपकन देवीच्या डाव्या खांद्यावर पडला. त्याच्यापाठोपाठ दुसरा पडला. इतक्या जोरानं दाबलेली डावी पाकळी पाण्याबरोबर घसरली, देवीच्या अंगावरून ओघळत खाली आली आणि पायाशी थांबली. उजवी तशीच एका कडेवर लोंबत राहिली.

मागून कुणीतरी "आई, आई" म्हणालं. बायकांनी डोकी टेकली.

"थांबा!" भागोजी मागं वळला. "हा कौल नव्हे. वरना पानी पडला. पान्यान गेली ती पाकळी. मी बघितला ना, माज्या डोळ्यांदेखत! परत लावतो."

काशीराम पुढं आला. त्यानं गाभाऱ्यात वाकून बघितलं. देवीचा ओला खांदा बघितला, वरचा वासा बघितला, आणि हात जोडले.

"भागोजी," तो हळूच म्हणाला, "पानी कोनी पाडलान?"

भागोजीकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं तर आधी अंगठ्याचं सांगावं लागलं असतं. त्यानं तोंड उघडलं. खांबाला टेकलेला केरू त्याच्याकडे बघत होता. भीतीनं नव्हे, श्रद्धेनं. आपला पाय उगाच गेला नाही, देवीनं खरंच सांगितलं होतं आणि आज पुन्हा सांगितलं, याचं त्या माणसाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं. भागोजीनं तोंड मिटलं.

"आईला हितंच ऱ्हायचा हाय," काशीराम सगळ्यांना म्हणाला. "तिच्या मर्जीबाहेर कोनी जायाचा नाय. चला."

गाव निघाला. चपलांच्या ढिगातून ज्यानं त्यानं आपापल्या चपला काढल्या. छत्र्या उघडल्या. तुळसानं नवऱ्याला हात देऊन उठवलं आणि जाता जाता भागोजीच्या पायाला हात लावला, पूर्वी कधी लावला नव्हता. काशीराम सगळ्यांच्या शेवटी गेला. पायरीवर थांबून तो म्हणाला, "तू नशीबवान हायस बाबा. तुला सोडून ती कुठं जायाला तयार नाय."

आवाज वळणापलीकडे गेले. सकाळी सारवलेल्या जमिनीवर ओल्या पावलांचे ठसेच ठसे उठले होते, लहानमोठे, एकमेकांवर पडलेले. भागोजीनं ते पुसले नाहीत.

तो गाभाऱ्यात गेला. घंगाळ आणून ठेवावं म्हणून वळला आणि तसाच उभा राहिला. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यानं देवीच्या तोंडाकडे सरळ बघितलं. ती रागावली असेल, हसत असेल, की तिलाही लोकाच्या घरी जायचं जिवावर आलं असेल, दगडाच्या तोंडावरून काय समजणार? त्यानं उजव्या खांद्यावरची पाकळी काढली, धोतराला अंगठा पुसला आणि हात जोडले.

"हे आई नवलाई," तो म्हणाला. "तुजा लेकरू तुज्या पायाशी उभा हाय."

सवयीनं तो थांबला. बाहेर पाऊस पडत होता.

"त्यान तुज्या नावावर खोटा केलान. दोनदा केलान."

तो पुन्हा थांबला. गाऱ्हाणं पुढं जाईना. हुंकाराशिवाय ते पुढं जातच नाही, त्याच्या बापाच्या, आज्याच्या वेळेपासून कधी गेलेलं नाही. त्यानं एकदा दाराकडे बघितलं.

"त्याला एकट्याला टाकू नको," तो म्हणाला. आणि मग गावाचा आवाज होता होईल तेवढा मोठा काढून त्यानं स्वतःच म्हटलं, "व्हय म्हाराजा."